आत्याच्या पाळण्यातला वरवंटा

कामतघरच्या आमच्या चाळीतली आत्या कुणाचीच सख्खी आत्या नव्हती. बारशाला बाळाच्या कानात नाव सांगायला बापाची बहीण लागते, आणि आमच्यासारख्या एकुलत्या एकांना बहीण आणायची कुठून? मग सगळे हिलाच बोलवायचे. ती बाळाच्या कानाशी वाकून 'कुर्र' करायची, बायका तिच्या पाठीत हौसेनं धपाटे घालायच्या आणि ती ओरडायची, "अगं, नाव तरी सांगू द्या!"

बाळाआधी पाळण्यात वरवंटा घालायची रीत. तो आत्याचाच असायचा, झबलं-टोपडं घातलेला. त्यानं चटणी वाटायची कुणाची हिंमत नव्हती. नुसता उचलला तरी ती म्हणायची, "मान सांभाळ."

पुढे बारशी कमी होत गेली. बहुतेक जोडपी एकावर थांबली, मी आणि सुजाता एकावरही नाही. खाली कापडाचे लूम खडखडायचे, जिना मात्र गप्प. शेवटच्या बारशाचा पाळणा त्या घरानं आत्याकडेच टाकला, त्यांना तो पुन्हा लागणार नव्हता. तिनं त्यात वरवंटा निजवला. मी हसलो, तर म्हणाली, "आधी ह्यो, मंग बाळ. ह्यो आलाय. बाळ यायचं हाय."

एकदा भरदुपारी गेलो, तर ती पाळण्यात वाकलेली. हळूच 'कुर्र' केलं आणि तशीच पाठ वाकवून थांबली. धपाट्यांची वाट बघत होती. मीच तिच्या पाठीवर हलकेच थोपटलं.

"कुणाचं नाव सांगितलंस?"

"तुझ्या पोराचं."

"मग मलाही सांग."

"बापाला आधी सांगत न्हाय. ज्याचं त्याच्या कानात."

आम्हाला मूल नको होतं, हे तिला ठाऊक होतं. तिनं कधी टोचलं नाही. सुजाता म्हणायची, "तिच्यासमोर गेलं की वाटतं, मीच कुणालातरी बाहेर ताटकळत ठेवलंय."

गेल्या उन्हाळ्यात आत्या गेली, नाव न सांगताच. तिच्यामागे कुणी नव्हतं, म्हणून खोली आम्हीच आवरली. वरवंटा टाकवेना. निजामपुऱ्याला आमच्या नव्या घरी येताना सुजातानं तो दुपट्यात गुंडाळून मांडीवर घेतला.

रिक्षावाल्यानं आरशातून पाहिलं. "कितने महीने का है, भाभी?"

दगड आहे, असं सांगायला मी तोंड उघडलं. पण सुजाताचा तळवा केव्हाच त्याच्या मानेखाली गेला होता.

"अभी नाम नहीं रखा," ती म्हणाली.

रिक्षावाल्यानं पुढचा प्रत्येक खड्डा हळू घेतला.