थांब म्हणणारी ताई

कापूरहोळला उतरून भोरच्या एसटीची वाट बघत होते, तेवढ्यात दाजींचा फोन आला. "तुमची ताई गेली..." एवढंच म्हणाले. माझ्या पिशवीत तिच्यासाठी घेतलेली मोसंबी होती. ती तशीच घेऊन मी गाडीत चढले.

ताई माझी थोरली बहीण, भोरला कॉलेजात जीवशास्त्र शिकवायची. आमचं माहेर डोंगरातल्या पासली गावचं, त्यामुळे घरात तिचं बोलणं शेवटपर्यंत तिकडचंच राहिलं. कुणी बाहेर निघालं की ती उंबऱ्यातच अडवायची, "थांब जरा. ग्यास बंद केलास का? मोबाईल घेतलास?" दाजी चिडवायचे, "आगं, लगीन लागून जाईल तवर!" वर्गातही तिचं हेच. एखादी पेशी दुभंगून दोन व्हायला निघाली की काही प्रथिनं तिला अशीच उंबऱ्यात अडवतात, सांगायची. आतली जनुकं धड आहेत का बघतात, बिघाड दुरुस्त करायला लावतात, आणि दुरुस्त होण्यासारखा नसेल तर त्या पेशीलाच संपवतात. 'थांब' म्हणणारं कुणी उरलं नाही की पेशी वाढतच सुटतात, तोच कॅन्सर. पोरं तिला मागे 'थांबा मॅडम' म्हणत. तिला ते ठाऊक होतं, आणि गंमत म्हणजे आवडायचंही.

मग तिलाच अंडाशयाचा कॅन्सर झाला. आई त्यानेच गेली होती. तपासणीत निघालं, असल्याच एका प्रथिनाचं जनुक आईकडून बिघडलेलं आलंय. अंथरुणावरून ताई मला समजावत होती, "एक प्रत आईची, एक आपल्या वडलांची, दादांची. दादांची चांगली हाय तवर निभतंय. एखाद्या पेशीत ती बी बिघडली, का संपलं. तू तपासून घे."

"तू बरी हो, मग बघू. थांब जरा," मी म्हटलं.

केवढी उसळली! "आता थांबायचं न्हाई! पोट दुखत हुतं तवा मी थांबले, काय झालं बघतीस न्हवं?"

दुसऱ्याच दिवशी मी तपासणीला रक्त दिलं; रिपोर्ट ती गेल्यावर आला. बिघडलेली प्रत माझ्यातही आहे. आधी तिलाच फोन करावा असं वाटलं, इतकी सवय. डॉक्टर म्हणाले, कॅन्सर नाही, पण अंडाशयं आत्ताच काढली तर धोका पुष्कळ कमी होईल. मी हो म्हटलं. तिनं बजावलं नसतं तर मी तपासायला गेलेच नसते.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मी तिच्या घरी राहिले. सकाळी दाजी मला दवाखान्यात सोडायला निघाले. पिशवी उचलून मी उंबऱ्याबाहेर पाऊल टाकणार, तोच ते म्हणाले, "थांबा जरा." आत जाऊन गॅस बघून आले.

मला उपाशीच जायचं होतं, दाजींचा चहा शेजारून आला होता. गॅस आम्ही पेटवलाच नव्हता.