डोंगरी गवत

माझी बायको गेली आणि घरात तिचे दोन ससे राहिले. बांधावरचं गवत कापून ती अंगणात जुन्या लुगड्यावर वाळवायची. ससे तेच खायचे. तिच्या हातचं एक पोतं उरलं होतं. नवं कापायची सोय नव्हती, कारण शेजारी द्राक्षबाग झालेली आणि फवारणीचं औषध आमच्या बांधावर उडायचं. म्हणून मी त्र्यंबकच्या बाजूचं डोंगरी गवत आणलं आणि जुनं बंद करून एकदम तेच टाकलं. सशांनी तोंड लावलं नाही. ससा उपाशी राहिला तर जगत नाही, हे ती नेहमी सांगायची.

सून म्हणाली, "आप्पा, बैलाची वैरण बदलताना जुन्यात नवी कालवता ना तुम्ही?"

"बैल काम करतो. हे नुसते बसून खातात."

"खातात कुठं?"

मग मी जुन्या गवतात चिमूटभर नवं मिसळलं. रोज नवं थोडं वाढवायचं. दुपारी पोत्यात हात घातला की उन्हाचा वास यायचा, डोळे आपोआप मिटायचे. अंगणात ती गवत उलथतेय, बांगड्या वाजतायत, असं वाटायचं. किती वेळ जायचा कळायचं नाही. पुढंपुढं जुनं घालायला हातच आखडायचा.

एका दुपारी मादीनं जुनं बाजूला सारलं आणि डोंगरी गवत आधी ओढलं. मला रागच आला. जनावर ते जनावर. पण कुरूकुरू खात होती, म्हणून जवळ बसून राहिलो.

उरलेलं पोतं बांधून मी माझ्या खाटेखाली सारलं.