भाऊजींच्या लेथची चुंबळ

भाऊजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होते. ते माझे धाकटे दीर, माझ्याहून दोन वर्षांनी लहान. आधी जायचा नंबर खरं तर माझा. फोन ठेवला आणि उरलेली जुडी निवडून टाकली... दुसरं काही सुचेना.

मी लग्न होऊन तिसगावला आले, त्याच सुमारास त्यांनी नगरच्या भंगारातून जुना लेथ, म्हणजे धातू फिरवून कातायचं यंत्र, आणला. कातायची वस्तू धरणारा चक मात्र त्याला नव्हता. मग भाऊजींनी जाड पोलादी नळीचा वीतभर तुकडा कापला, लेथच्या फिरत्या थाळीला वेल्ड करून घेतला, भोवती आट्यांची भोकं पाडून आठ बोल्ट आत वळवले. बोल्ट आवळले की मधली वस्तू घट्ट! चुलीवरचं सोडून मी बघत उभी राहायची. सासूबाई म्हणायच्या, "दोघं बी येडी हायेत."

बहात्तरच्या दुष्काळात वस्तीवर एकाच विहिरीला पाणी उरलं होतं, तेही पार तळाशी. नेमका तेव्हाच पंपाचा बुश झिजला. बुश म्हणजे दांडा ज्यात फिरतो ती पितळी नळकांडी. विहिरीवर रिकाम्या हंड्यांची रांग लागली. भाऊजींनी घरात होता तेवढा पितळेचा तुकडा नळीत धरून झकास भोक कातलं. बोल्ट सैल करून बुश दांड्यावर घालायला गेले, तर तो शिरेचना. लेथवर भोक गोल होतं, सोडल्यावर गोल राहिलं नव्हतं! असं कसं, हे मला काही केल्या कळेना. भाऊजींनी तो बाजूला टाकला. "आता पितळ न्हाई, वहिनी."

पितळ माझ्याकडे होतं. माहेरच्या खलाचा भरीव बत्ता. तो आणून पुढ्यात ठेवला; खोटं कशाला सांगू, जीव तुटत होता. तेवढ्यात पहिल्या बुशावरचे बोल्टांचे खोल वण दिसले आणि मी बोलून गेले, "भाऊजी, बोल्ट थेट टोचत्यात की त्याला. डोईवर हंडा घेताना आमी कापडाची चुंबळ घेतो, तसं कायतरी घाला मधी."

ते लगेच कामाला लागले. पातळ नळीचं एक कडं कापलं, त्याला एका बाजूने चीर दिली, बत्त्याच्या तुकड्यावर चढवलं आणि वरून बोल्ट आवळले. आधी बोल्टांनी चेपलेलं पितळ सोडल्यावर परत फुगलं होतं; आता दाब सगळीकडून सारखा बसला. या वेळी बुश दांड्यावर अलगद सरकला. दुपारी पंपाने पाणी फेकलं तेव्हा बाया ओरडत होत्या आणि भाऊजी पंपाला कान लावून बसले होते. "वहिनी, लई गोड चालतंय!"

दहाव्याला तिसगावला गेले तेव्हा भाऊजींच्या वर्कशॉपात डोकावले. आता ते पुतण्या चालवतो, लेथ नवे आहेत. एक अनोळखी कारागीर कामावर वाकला होता. मागे न बघताच त्याने हात पसरला, "चुंबळ द्या जरा." हे नाव कुठून आलं, ते त्याला ठाऊक असायचं काही कारण नव्हतं. फळीवर तसलंच एक चिरलेलं कडं पडलं होतं. मी ते त्याच्या हातावर ठेवलं... आणि मग मला रडू आलं.