बाविसावा थेंब

आमच्या अकोल्याच्या बोअरचं पाणी इतकं जड, की घरच्या स्विमिंग पूलमध्ये म्हैसही तरंगली असती. पूलच्या फरशीवर पांढरा थर चढला. मी पाच किलो तुरटी फिरवली, काही फरक नाही. बायको वांग्याची रोपंच घेऊन आली. "माती भरून हे लावते!"

मग अमरावतीहून पाणी तपासणारा आला. पूलचं पाणी काचेच्या नळीत घेऊन, पूड टाकून लाल केलं आणि श्वास रोखून औषधाचे थेंब सोडू लागला. गल्लीतले कावळेही गप्प. एकोणचाळिसाव्या थेंबाला पाणी निळं!

"भाऊ, जितके थेंब तितका खार. तुरटीनं गाळ बसते, खार नाही जात." त्यानं महापालिकेच्या नळाचं पाणी ओंजळीत घेऊन चाखलं. "अर्धं काढा, हे भरा. बाविसाव्याले निळं होईन."

आठवड्यानं तो परत आला. थेंब बायकोच मोजत होती. बाविसावा पडला, पाणी निळं झालं, आणि तिनं रोपं शेजारणीला देऊन टाकली.