लेप्पोइसा की लेचापेचा?

शिवणयंत्रं दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाला गल्ली ‘सावकाशराव’ म्हणायची आणि बायको ‘लेचापेचा’. धाकट्या भावाने दुकानाची रस्त्याकडची बाजू बळकावली, तर हे निमूट मागच्या खोलीत गेले. वर म्हणाले, “इथे ऊन लागत नाही.”

फिनलंडची सून पहिल्यांदाच घरी येणार म्हटल्यावर बायकोला धास्ती वाटली ती यामुळेच. सासरा पहिल्या भेटीतच नजरेतून उतरला तर?

“ती आहे तोवर तरी जरा रुबाबात बोला,” तिने बजावलं.

“बरं.”

सून आली, त्याच्या दुसऱ्याच दिवशी कोपऱ्यावरचा शिंपी तणतणत आला. “सकाळी देणार होतात ना मशीन? गिऱ्हाईक डोक्यावर बसलंय माझ्या!”

“चुकलंच माझं. त्यालाही घेऊन या. डोक्यापेक्षा स्टूल बरं.”

शिंप्याने हसू दाबून पाहिलं, जमलं नाही. थोड्या वेळाने तोच वाकून बॅटरी धरत होता आणि मुलीच्या परीक्षेचं सांगत होता.

दारात सासू-सुना उभ्या होत्या. सासू मनात म्हणाली, झालं, गेला रुबाब! तेवढ्यात सून हळूच पुटपुटली, “लेप्पोइसा.”

सासूचं पित्त खवळलं. “लेचापेचा? अगं, ते मी म्हणायचं! मी संसार केलाय. तू कालची आलेली!”

सून गोरीमोरी झाली. मुलगा धावत आला आणि ऐकून पोट धरून हसला. “आई, लेप्पोइसा! फिनिश शब्द आहे. ज्याच्याजवळ बसलं की आपलाही जीव निवांत होतो, असा माणूस. कौतुक करतेय ती बाबांचं! छान संध्याकाळसुद्धा लेप्पोइसा असते त्यांच्याकडे.”

“संध्याकाळ?” तिचा आवाज खाली आला. “परत म्हण गं.”

सुनेने सावकाश म्हटलं. सासूने तो शब्द जपून, सांडू नये असा, तोंडात घोळवला. कुठल्या कुठे राहणारी माणसं, ह्यांना कधी पाहिलं नाही, आणि शब्द मात्र अगदी ह्यांच्या मापाचा!

तिने आत पाहिलं. या खोलीत कितीजण ओरडत आले होते. ओरडत परत गेलेला एकही तिला आठवेना. इतकी वर्षं हे डोळ्यांसमोर घडत होतं.

चहाचे कप घेऊन ती आत गेली. “होऊ दे सावकाश,” ती नवऱ्याला म्हणाली.

त्याच्या हातातला स्क्रू खाली पडला. “तुला बरं वाटत नाहीये का?”