दुधाची दाढ

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. नवरा होता तोवर त्यालाही नाही. चौथीपर्यंत शिकले, तेवढ्यावर लिहिते आहे — चुकलं तर चुकलं. बोलून सांगता आलं असतं, तर लिहायची वेळ कशाला आली असती?

चार माणसांत माझं तोंड उघडत नाही. दुकानातसुद्धा कोणी मागून येऊन पुढे उभं राहिलं, तर मी बाजूला सरते. लोक म्हणतात, गरीब स्वभावाची बाई. मीही तसंच समजत होते. पण गरीब स्वभावाचं माणूस असं वागतं का?

आम्ही मूळचे वडखळकडचे, मिठागरावर राबणारे. नवऱ्याला रोह्याला कंपनीत नोकरी लागली, तेव्हा आम्ही तिथेच जवळ, वरसे गावात खोली घेतली. धाकटा दीर आणि जाऊ मिठागरावरच राहिले. हंगामात दोघं दिवसभर उन्हात, पोरीकडे बघणार कोण? म्हणून त्यांची वनिता माझ्याकडे आली. मला मूल नव्हतं. सात वर्षांची होती ती, माझा पदर धरून मागे मागे फिरायची. जाऊ जाताना म्हणाली, "आता तुझीच हाय गो ताई ती."

वनिताची खालची दाढ किडली. घास लागला की रडायची. जावेने निरोप धाडला, डाक्टरला दाखव. रोह्याच्या एका दवाखान्यात दातांचे डॉक्टर मंगळवारी यायचे. मी तिला घेऊन गेले — इथपर्यंत खरं आहे.

सुईच्या भीतीने ती आत यायला तयार होईना. तिला पायरीवर बसवलं, म्हटलं, मी आधी विचारून येते. आत बाकावर चार-पाच बायका होत्या. पडद्याआड डॉक्टर कोणा बाईला विचारत होते, "बाई, दात घासता की चूल सारवता? किती वर्षं लावताय मशेरी?" बाकावरच्या बायका हसल्या. एक म्हणाली, "आता आपली पाळी गो. तोंड मिटूनच जावा आत." पुन्हा सगळ्या हसल्या.

मला हसू आलं नाही. मीही मशेरी लावायचे. तंबाखू तव्यावर काळी होईतो भाजायची, कुटायची, बोटाने दातांवर फिरवायची. आमच्याकडे बहुतेक बायका लावतात, त्यात लपवण्यासारखं काय? पण मी — वनिता रडायला लागली की तीच चिमूट तिच्या दाढेत दाबायचे. दाढ बधिर व्हायची, पोर गप्प व्हायची. तिने तोंड उघडलं की डॉक्टरांना ते दिसणार. मग या सगळ्यांच्या देखत मला विचारणार. माझा नंबर पुकारला, तशी मी उठले आणि बाहेर आले.

एवढंच असतं तर — पण एवढंच नव्हतं. वनिताने वर माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "डॉक्टर म्हणाले, दुधाची दाढ आहे. पडेल आपोआप. तुला आत यायलाच नको." पोर इतकी खूश झाली, घरापर्यंत उड्या मारत आली. जावेलाही मी तेच कळवलं. सहा-सात वर्षांच्या पोराला दुधाचा दात न पडताच मागे जी दाढ येते ती कायमची असते, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. पण डॉक्टर काही म्हणाले नव्हते, हे तर ठाऊक होतं ना?

दोन महिन्यांनी तिचा गाल सुजला, ताप भरला. जबड्याखाली फुटून पू वाहू लागला. अलिबागला नेली. तिथे दोन दाढा काढल्या. मागची कायमची होती, म्हणाले, आधी आणली असती तर वाचली असती. जबड्याखाली खड्डा पडला, तो अजून आहे. दीर माझ्या खोलीत बसून म्हणाला, "त्या रोह्याच्या डाक्टरला धरून मारला पायजे." मी त्याला चहा दिला. जाऊ माझा हात धरून रडली. "तू तरी काय करनार ताई, तू नेलीस ना तिला." तो हात मी सोडवूनसुद्धा घेतला नाही.

वनिता आता पेणला असते. तिची मुलगी सहा वर्षांची आहे. गेल्या रविवारी दोघी आल्या होत्या. शाळेत डॉक्टरांनी मुलांचे दात तपासले, हिची दाढ भरून घ्या असा कागद दिला. वनिताने तो टाकून दिला. मला हसत सांगत होती, "डॉक्टरांना काय कळतंय काकी. माझ्या टायमाला तर बघितलं पन नाय, दुधाची म्हनून मोकळा झाला. मी नाय नेत हिला."

मुलीने माझ्यासमोर तोंड उघडलं. तीच जागा. काळा ठिपका, अजून लहान आहे.

मी म्हटलं, "तरी ने एकदा."

"तू नेली होतीस की मला," वनिता म्हणाली. "काय झालं?"

तेव्हा बोलायचं होतं. मी मुलीच्या हातावर बिस्किटं ठेवली.

पाचच्या गाडीने दोघी पेणला गेल्या. आज चौथा दिवस आहे. वनिताचा नंबर मला पाठ आहे. मी फोन केलेला नाही.