घरची माणसं शेवटी

व्हर्लिन कूबिकने आमच्या होलुब गावात किती अनोळखी लोकांना आकाश दाखवलं याचा हिशोब कुणाकडे नाही. त्याच्याकडेही नाही. हमरस्त्यावरून उतरून पेट्रोल भरायला थांबलेले, वाट चुकलेले, शिकारीला आलेले, मेव्हण्याच्या लग्नाला येऊन कंटाळलेले, सगळे त्याला चालायचे. माणूस गाडीला टेकून कॉफी पीत उभा दिसला की हा जवळ जाणार, टोपी मागे सरकवणार आणि विचारणार, "काय पाहुणे, वर जाऊन आलात का कधी?" पैसे घ्यायचा नाही. कुणी पुढे केलेच तर चेहरा असा करायचा, जणू त्यानं आईवरून शिवी दिली आहे.

विमान म्हणजे तरी काय? नळ्यांच्या सांगाड्यावर ताणलेलं कापड, वयाने व्हर्लिनपेक्षाही मोठं. पुढे तो, मागे एक माणूस. तिसऱ्याला जागा नाही. पंखा हाताने फिरवून सुरू करायचं. आमची धावपट्टीही गवताचीच, एका बाजूला मका, दुसऱ्या बाजूला सोयाबीन. ती विकून तिथे डुकरांसाठी शेड घालायची टूम जिल्हा मंडळात निघाली होती. तेव्हा मी शाळेच्या स्वयंपाकघरात नोकरीला होते. ग्रंथालयात बसून कायद्याची पुस्तकं वाचली आणि बैठकीत त्या लोकांना त्यांचेच नियम तोंडावर वाचून दाखवले. पट्टी वाचली. तेव्हापासून व्हर्लिन मला वकीलबाई म्हणतो. म्हणू दे. वकिलांनी केलं नसतं ते मी केलं.

तो हे का करायचा, ते एकदा त्याने सांगितलं होतं. लहानपणी फवारणीच्या विमानवाल्याने त्याला वर नेलं. व्हर्लिनचा बाप तोंडाचा फटकळ, हाताचाही. खालून तो नुसता ओरडणारा माणूस होता. वरून व्हर्लिनला त्याची नांगरट दिसली. टेकडीच्या अंगाअंगाने वळत गेलेल्या तासांच्या रेषा, एकही तुटलेली नाही. व्हर्लिन म्हणाला, त्या दिवशी मला कळलं की बापाला काहीतरी येतं. प्रत्येकाने आपलं घरदार एकदा वरून बघावं, असं त्याच्या डोक्यात बसलं ते तेव्हापासून.

पण परक्या माणसाचं घरदार इथे कुठलं असणार? मग तो त्यांना बायकोचं माहेर दाखवायचा.

आर्डिथचं, म्हणजे त्याच्या बायकोचं माहेर गावापासून पश्चिमेला. तेसारांचा मळा. इथला उत्तरेचा वारा हाडं फोडतो, म्हणून तिच्या बापाने घराभोवती झाडांच्या रांगा लावल्या होत्या. देवदार, तुती, अॅश. पोरवयात आर्डिथने त्या झाडांना बादलीने पाणी घातलेलं. खालून ती नुसती दाट झाडी दिसायची. वरून काय दिसायचं ते तिला पाहुण्यांकडूनच कळायचं. विमानातून उतरलेला माणूस धावपट्टीवरच्या न्याहारीला, पॅनकेकच्या रांगेत यायचा, डोळे अजून वरच असायचे, आणि तव्यामागे उभ्या आर्डिथला सांगायचा की तुमच्या नवऱ्याने एक मळा दाखवला, झाडं अशी की घराच्या गळ्यात कुणी हात टाकून बसलंय.

"कुठला हात? डावा?" आर्डिथ विचारायची.

तो गोंधळायचा. मग ती विचारायची, विहिरीजवळची लायलॅकची झुडपं दिसली का, गोठ्याचं छप्पर अजून लाल आहे का, तळ्यात पाणी होतं का. पॅनकेक करपायचा. ती तो बाजूला काढून स्वतःसाठी ठेवायची.

आता कुणीही विचारेल, आणि मी तर कैकदा विचारलं, की ही बाई स्वतः का जात नव्हती? तर आमच्याकडे रीत आहे. चर्चचं जेवण असो, बारसं असो, मयत असो, पाहुणे आधी, घरची माणसं शेवटी. पदार्थ कमी पडणार असं दिसलं की आई मुलांच्या कानात पुटपुटते, हात आवरा. आणि मुलं हात आवरतात. मोठं झाल्यावर कुणी सांगावंही लागत नाही. महिन्याच्या पहिल्या रविवारी धावपट्टीवर न्याहारी असते, आसपासची विमानं उतरतात, तवा आर्डिथचा आणि उड्डाणं व्हर्लिनची. हवा शांत असते ती सकाळीच. जमीन तापली की विमान डोलायला लागतं आणि आर्डिथला तर साधी मोटारही लागते. पाहुणे संपून तवा थंड होईस्तोवर ती वेळ निघून गेलेली असायची. संध्याकाळी हवा पुन्हा निवते, पण संध्याकाळी तिची वृद्धाश्रमात पाळी. आणि रोजच्या दिवशी व्हर्लिन धान्याच्या कोठारावर यंत्रं दुरुस्त करत असायचा. पुढच्या रविवारी नेतो, म्हणायचा. ती म्हणायची, मी कुठे पळून जातेय.

ती पळून गेली नाही. मळा गेला.

तिच्या भावाने, ड्वेनने, वसंतात तो विकला. घेणारी कंपनी ओमाहा शहरातली, तिला घर नको होतं, झाडं नको होती, नुसती सपाट जमीन हवी होती. पिकाला पाणी देणारं लांबलचक यंत्र मधे काही न येता गोल फिरलं पाहिजे. मक्याची काढणी झाली की बुलडोझर येणार असं ठरलं. मी ड्वेनच्या दारात जाऊन उभी राहिले. तो म्हणाला, "बाई, तुमचं मत मी मागितलं नव्हतं." मी म्हटलं, "मागितलं असतंस तर इतकी वाईट वेळ आली नसती." त्याने दार लावून घेतलं. मी कायदा धुंडाळला. मालकाची जमीन, मालकाची झाडं. कुठेही फट नाही. फट असती तर मी सोडली नसती.

मग एकच गोष्ट उरली. आर्डिथने ती झाडं वरून एकदा बघायची. ऑक्टोबरचा पहिला रविवार, मोसमातली शेवटची न्याहारी. मी व्हर्लिनला कोठारावर गाठलं आणि सांगितलं की पहिलं उड्डाण आर्डिथचं, तव्यावर मी उभी राहते. तो म्हणाला, लोक काय खातील मग. मी म्हटलं, करपलेलं खातील, तू ने तिला. त्याने मान हलवली. खरोखरच कबूल केलं. शनिवारी विमानाची काच पुसताना मी त्याला बघितलं आहे.

रविवारची सकाळ अशी होती की धुराड्यातला धूर सरळ वर जात होता. आर्डिथने डोक्याला रुमाल बांधला होता. आम्ही सगळे तिच्याकडे बघतोय हे तिला आवडत नव्हतं. कुणीतरी पंखा फिरवला, इंजिन लागलं, व्हर्लिन पुढे बसलेला, ती मागे चढली आणि पट्टा लावू लागली.

तेवढ्यात कॉफीच्या टेबलाजवळून एक माणूस पट्टीच्या कडेला आला. मधमाश्यांच्या पेट्यांचा ट्रक घेऊन डाकोटातून टेक्सासकडे निघालेला. जाळी टाकलेला ट्रक रस्त्यावर उभा होता. ऊन चढलं आणि गाडी थांबलेली असली की माश्या बाहेर यायला बघतात, म्हणून त्याला लगेच निघायचं होतं. तो काही मागत नव्हता, हे मी त्याच्या वतीने सांगते. नुसता उभा राहून विमानाकडे बघत होता. पण कसा बघत होता. व्हर्लिनला ती नजर ओळखू येते. पोटच्या पोराचं रडणं आईला ओळखू यावं तशी.

व्हर्लिनने मान वळवून आर्डिथकडे पाहिलं. काही बोलला नाही, तो शपथेवर सांगतो. आर्डिथने पट्टा सोडला.

मी तव्यावरून ओरडले, बसून राहा म्हणून. तिला इंजिनच्या आवाजात ऐकू गेलं नसेल. ती खाली उतरली, त्या माणसाजवळ गेली आणि त्याच्या कानाशी वाकून म्हणाली, "तुम्ही जाऊन या. मी इथलीच आहे." तो नको नको म्हणत होता. तिने त्याला अक्षरशः दंडाला धरून नेलं. व्हर्लिनने पट्टा आवळायला मदत केली. विमान गेलं.

माझ्याजवळ येऊन तिने उलथनं माझ्या हातातून काढून घेतलं. म्हणाली, फेरी लहानच असते, आल्यावर जाईन.

ते परत आले तेव्हा उत्तरेला ढगांची निळसर काळी रेघ उठली होती. आमच्याकडे शरदात असं होतं, अर्ध्या सकाळीत ऋतू बदलतो. विमान टेकलं आणि चाकं थांबायच्या आत वारा आडवा झाला, कापडी छत्र्या उलटल्या. आमची पट्टी एकच आणि वारा तिला आडवा. व्हर्लिन वेडा नाही, त्याने विमान शेडमध्ये घेतलं. तो ट्रकवाला भारावल्यासारखा आर्डिथचे हात धरून आभार मानत होता. तिने त्याला विचारलं, मळा दाखवला का त्यांनी, झाडं कशी दिसली.

तो ओशाळला. "खरं सांगू का मावशी, मी सगळा वेळ माझा ट्रकच बघत होतो. वाटलं, माश्या उठल्या तर."

आर्डिथ हसली. मला मात्र त्या दिवशी कुणाच्या तरी डोक्यात उलथनं घालावंसं वाटलं, फक्त कुणाच्या ते ठरेना.

वारा तीन दिवस पडला नाही. बुधवारी बुलडोझर आले. झाडं ढकलून त्यांचा ढीग केला आणि पेटवला. वृद्धाश्रमाच्या मागच्या दारातून धूर दिसत होता. आर्डिथने त्या संध्याकाळी पाळी पूर्ण केली. म्हाताऱ्यांना सूप भरवलं. एकीने विचारलं, काय जळतंय गं. ती म्हणाली, "झाडपाला."

त्या आठवड्यात मी व्हर्लिनला गाठायला कोठारावर गेले. तो एका यंत्राखाली आडवा होता, नुसते बूट बाहेर. मी मनात साठवलेलं सगळं बोलून घेतलं. म्हटलं, अरे, तिच्या माहेराचं एकेक छप्पर तुला ठाऊक, सगळ्या दुनियेला ठाऊक, आणि तिला एका माशीवाल्यासाठी खाली उतरवलंस. खाली पाना फिरायचा थांबला.

मग तो खालूनच म्हणाला, "ती उतरली तेव्हा इंजिन बंद करायला हवं होतं मी."

"मग का नाही केलंस?"

"ती स्वतःहून उतरली ना. आणि मला, खरं म्हणजे, बरं वाटलं. नाहीतर तो माणूस वर न जाताच निघून गेला असता."

एवढं खरं बोलणाऱ्या माणसावर किती ओरडणार? मी निघून आले.

नोव्हेंबरात त्याने एक दिवस रजा काढली. एवढ्या वर्षांत कुणी त्याला रजेवर पाहिलं नव्हतं. सकाळ थंड आणि स्थिर होती, पट्टीवर पाहुणा एकही नाही, पंखा फिरवायला मी. आर्डिथ मागे बसली. मी खालून बघत राहिले, विमान पश्चिमेला गेलं, लहान झालं, आणि तिथे गोल फिरू लागलं. बराच वेळ फिरलं.

वर काय झालं ते मला दोघांकडून वेगवेगळं कळलं. व्हर्लिनला जागा सापडेना. डोळे मिटून जी सांगितली असती ती जागा. रस्ता कळत होता, ओढा कळत होता, आणि मधे सगळी काळी नांगरलेली माती, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. मग सवयीने तो ओरडून सांगायला लागला, पाहुण्यांना सांगायचा तसं. इथे गोठा होता, इथे तळं, इथून झाडं सुरू व्हायची आणि अशी वळून यायची. ती मागे बसलेली, तिचा चेहरा त्याला दिसत नव्हता. तिने त्याच्या खांद्यावर थाप मारली.

"मला माहीत आहे रे," ती म्हणाली. "मी तिथे जन्मले."

आणि थोड्या वेळाने, "वळव."

खाली उतरल्यावर मी विचारलं, कसं वाटलं. आर्डिथने रुमाल सोडला, घडी घातली. "नांगरट चांगली केलीय त्यांनी," एवढंच म्हणाली. यापेक्षा वाईट शब्द मी त्या बाईच्या तोंडून आजवर ऐकलेला नाही.

व्हर्लिन अजून लोकांना वर नेतो. सोडणार नाही, त्याच्याने सुटणारही नाही. पण आता चढला की पूर्वेला वळतो, नदी दाखवतो. नदी सुंदरच आहे, पाहुणे खूष असतात. पॅनकेकच्या रांगेत येऊन ते नदीचं वर्णन करतात, वाळूची बेटं, बगळे. आर्डिथ ऐकते, हसते, काही विचारत नाही. पॅनकेक आता करपत नाहीत.

या मे महिन्यात पहिल्या न्याहारीला गर्दी होती. इंजिन चालू, पट्टीच्या कडेला पाहुण्यांची रांग, हवा काचेसारखी. व्हर्लिनने इंजिन बंद केलं, सगळ्यांच्या देखत. इंजिन बंद केलं, सगळ्यांच्या देखत. रांग ओलांडून तव्याशी आला आणि टोपी हातात घेऊन म्हणाला, "आर्डिथ, आधी तू चल. ही मंडळी थांबतील."

आमची गावची माणसं माना वळवून बघायला लागली. आमच्यात असं कुणी कुणाला चारचौघांत म्हणत नाही. पाहुण्यांना काय चाललंय ते कळेना, तरी त्यातल्या एकाने आपणहून बाजूला होऊन वाट करून दिली. मी उलथन्यासाठी हात पुढे केला.

आर्डिथने त्याच्याकडे पाहिलं. रागाने नाही. राग असता तर मला बरं वाटलं असतं. मग तिने पीठ पळीने ढवळलं आणि म्हणाली, "घट्ट झालंय. दूध आण जरा."

तो उभा राहिला. मग टोपी घातली आणि दूध आणायला गेला.